ओलुकलूचा ओरडणारा दगड

ओलुकलूच्या चहाखान्यासमोर त्या दिवशी एवढी गर्दी होती की मला गाडी पार मशिदीच्या मागे लावावी लागली. लोक खुर्च्यांवर उभे होते, खुर्च्या न मिळालेले कुंपणावर चढले होते. मधोमध एक लाकडी पोळपाट, आणि पोळपाटावर अक्रोडाएवढा एक काळा दगड.

काझम होजाने, होजा म्हणजे आपल्याकडचा मंत्र-तावीजवाला बुवा, डोळे मिटले, ओठ हलवले, मग डोळे उघडून आपलं मशीन उचललं. मशीनच्या दांड्याला हिरवं कापड गुंडाळलेलं, वरून तावीज बांधलेला. खालची गोल चकती त्याने दगडावरून अशी हळूच फिरवली, जणू बाळाला थोपटतोय. मशीन किंचाळलं. पुढे बसलेल्या म्हातारीने कानांवर हात ठेवले आणि मागून कोणीतरी "माशाल्ला, माशाल्ला" म्हणत रडायला लागलं.

"ऐकलंत?" होजा म्हणाला. "परवापर्यंत हे सोनं होतं. दुर्मुशच्या बायकोच्या लग्नातलं, खरं, हलालाचं सोनं. खजिन्यावर बसलेल्या जिन्नाला, त्या रखवालदाराला भुलवायला मी ते फडक्यात बांधून खड्ड्यात ठेवलं. पण खोदताना कुणाची तरी नियत फिरली, कुणीतरी मनात वाटणी केली, आणि रखवालदाराने त्याचा दगड करून टाकला. सोन्याचा जीव आत कोंडलाय बिचाऱ्याचा. तो ओरडतोय."

लोकांनी लगेच एकमेकांकडे संशयाने पाहिलं. मनात वाटणी न केलेला माणूस त्या गर्दीत एकही नव्हता, त्यामुळे होजाचं बोलणं प्रत्येकाला आतून पटलं.

गर्दीत हसू फक्त मला आलं. एक गोष्ट मान्य करायला हवी. पोळपाटाऐवजी पितळेचं ताट असतं तर ताटच ओरडलं असतं. तेवढी अक्कल होजाला होती, आणि तेवढ्या अकलेवर त्याने पूर्ण गाव खिशात घातलं होतं.

मी नेजात. तालुक्याच्या बाजारात माझं मेटल डिटेक्टरचं दुकान आहे. आधी रेडिओ दुरुस्त करायचो. लोकांनी रेडिओ ऐकणं सोडलं आणि जमीन ऐकायला सुरुवात केली, म्हणून मीही धंदा बदलला. माझी गिऱ्हाइकं बहुतेक निवृत्त माणसं. कुणाला समुद्रकाठी हरवलेल्या अंगठ्या शोधायच्या असतात, कुणाला नुसतं घरातून बाहेर पडायचं असतं. खजिना खणायला सरकारी परवाना लागतो, जुनी वस्तू मिळाली तर ती संग्रहालयाची, हे मी प्रत्येकाला सांगतो. प्रत्येक जण मान डोलावतो आणि विचारतो, "पण हे किती खोल बघतं?"

दुर्मुशनेही तेच विचारलं होतं. चामड्याच्या कारखान्यात जन्म घालवून तो ओलुकलूला, आपल्या गावी परतला होता. गुडघे धरले होते, डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, आणि नुसतं चालायची त्याला लाज वाटत होती. हातात मशीन असलं की माणूस कामाला निघाल्यासारखा दिसतो, असं त्याचं म्हणणं. मला ते आवडलं. पहिलं मशीन घेण्याचं याहून चांगलं कारण मी ऐकलेलं नाही.

मी त्याला साधं, हलकं मशीन दाखवलं. म्हटलं, नाणं असेल तर वीतभर खोल, त्याहून फारसं नाही. जो मीटरमध्ये बोलतो तो मशीन विकत नाही, गोष्ट विकतो. वजन बघ, हात दुखायला नको. आणि मुख्य म्हणजे जमीन बघ. तुमची ओलुकलूची जमीन काळी, जुन्या ज्वालामुखीची. तिथल्या दगडात लोखंडाचे बारीक कण आहेत. मशीनला आधी त्या जमिनीची ओळख करून द्यावी लागते. चकती वरखाली करायची आणि हे गोल बटण आवाज शांत होईपर्यंत फिरवायचं. ते केलं नाही तर दगड न् दगड बोंबलेल.

मी हे सगळं जीव तोडून सांगत होतो आणि दुर्मुश खोक्यावरचं चित्र बघत होता. चित्रात एक दाढीवाला माणूस मोहरांनी भरलेल्या हंड्याशेजारी हसत उभा होता. ते चित्र कारखानदाराने का छापलं असेल, देव जाणे. शेवटी "विचार करून सांगतो" म्हणून दुर्मुश गेला. गिऱ्हाईक असं म्हणालं की मी खोकं परत फळीवर ठेवतो.

पुढे तो बाजारात भेटला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. त्याला काझम होजा भेटला होता. होजाचं मशीन विकत मिळत नाही, ते माणसाला निवडतं. ते घराच्या उंचीएवढं खोल बघतं. बटणं नाहीत, सेल कधी बदलत नाही, फक्त चालवणाऱ्याचं मन साफ लागतं. होजाने ते दुर्मुशला वापरायला दिलं होतं. बदल्यात काही नको, नुसतं घरात राहायला एक खोली आणि दोन वेळचं जेवण.

"आणि तुला काय सापडलं?" मी विचारलं.

"सगळीकडे आहे, नेजात," तो कुजबुजला. "पाऊल टाकीन तिथे ओरडतं."

मी त्याला पुन्हा दगडांचं सांगायला लागलो तर तो माझ्याकडे अशा दयेने बघायला लागला की मी विषय सोडला. आपल्या मालाची बाजू मांडणारा दुकानदार दिसत होतो मी त्याला. दिसणारच, मी दुकानदारच आहे.

मग एक दिवस त्याची बायको गुल्दाने दुकानात आली. कडेला उभी राहिली, डोक्यावरच्या रुमालाची गाठ चाचपत, बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत. तिच्या बागेच्या वर काळ्या कातळातून एक झरा येतो. तो दगडी पन्हळीतून खाली पडतो, आणि खालची आळी त्यावर जगते. तिचे टोमॅटो, अक्रोडाची झाडं, शेजाऱ्यांच्या म्हशी, सगळ्यांना तेच पाणी. ओलुकलूला नळाचं पाणी कधी आलंच नाही, कारण झरा होता. होजाचं मशीन आता त्या कातळावर सगळ्यात जोरात ओरडत होतं, आणि दुर्मुशने झऱ्याच्या पाठीमागे खणायला काढलं होतं.

"ते माझं ऐकत नाहीत," गुल्दाने म्हणाली. "मी बाई, मला मशीनमधलं काय कळतं म्हणतात. तुम्हाला कळतं. तुम्ही सांगा. पाणी गेलं तर आम्ही कुठे जाऊ?"

मी आधी तालुक्याच्या पोलिसांना फोन केला. दोन शिपाई ओलुकलूला गेले, गावाने "झरा साफ करतोय" असं एकमुखाने सांगितलं, ते चहा पिऊन परत आले. म्हणून मी माझं मशीन गाडीत टाकून स्वतः गेलो, आणि त्या पोळपाटासमोर येऊन उभा राहिलो.

मी पुढे झालो. म्हटलं, सोन्याचा दगड वगैरे झालेला नाही, हा दगड इथलाच आहे. माझं मशीन जमिनीवर वरखाली करून बटण लावलं आणि दगडावरून फिरवलं. चिडीचूप. पुन्हा फिरवलं. काही नाही. मला वाटलं, झालं काम. गर्दी होजाकडे वळली.

होजा हसला. अगदी प्रेमाने हसला.

"बरोबर आहे नेजात एफेंदींचं. त्यांचं मशीन उत्तम आहे. पण ते फक्त सोनं ऐकतं. सोन्याशिवाय त्याला काही ऐकूच येत नाही. आणि आता हे सोनं राहिलंय कुठे? माझं मशीन सोनं ऐकत नाही, बाबांनो. ते मंत्र ऐकतं."

गर्दीने मोठा सुस्कारा सोडला. माझा पुरावा त्याने माझ्याच हातातून घेऊन आपल्या खिशात टाकला होता.

मी चिडलो. चिडलेला माणूस मूर्खपणा करतो, तो मी केला. होजाचं मशीन उचलून चहाखान्याच्या पायरीवर धरलं. ते ओरडलं. कुंपणाच्या भिंतीवर धरलं, ओरडलं. मुख्तारच्या, म्हणजे आपल्या सरपंचाच्या, उंबऱ्यावर धरलं, तिथेही ओरडलं. सगळं गावच त्या काळ्या दगडाचं बांधलेलं आहे. "बघा," मी म्हणालो, "मग काय, पूर्ण गावात मंत्र पुरलाय?"

कोणी हसेना. मी वळून पाहिलं तर मुख्तार आपल्या उंबऱ्याकडे टक लावून बघत होता. माझं वाक्य संपायच्या आत चारजण घरी कुदळ आणायला पळाले. ओलुकलूत घराघरांत पायऱ्या उखडायला सुरुवात झाली ती माझ्या भाषणानंतर, हे मला इथे लिहून ठेवलं पाहिजे.

दुर्मुश माझ्याजवळ आला. "मी तुझं मशीन घेतलं नाही म्हणून तुझ्या पोटात दुखतंय," तो म्हणाला. लोक हसले. तो मनाने वाईट नव्हता. त्याला इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच गावात लोक नावाने ओळखत होते.

मी मशिदीच्या इमामांकडे गेलो. त्यांनीही शुक्रवारी स्पष्ट सांगितलं होतं की धर्मात असलं काही नाही. त्यानंतर लोक त्यांच्या पाठीमागे नमाज पढून थेट खड्ड्यावर गेले होते. आम्ही दोघांनी चहा प्यायला. दोन शहाण्या माणसांची एवढी निरुपयोगी बैठक मी पाहिलेली नाही.

पुढच्या आठवड्यात गुल्दानेचा फोन आला. पाणी गढूळ येतंय. मी दुर्मुशला फोन लावला, त्याने उचलला नाही. मुख्तारने उचलला, पण त्याच्या मागून कुदळीचे आवाज येत होते. संध्याकाळी गुल्दानेचा पुन्हा फोन आला. ती रडत नव्हती.

"थांबलं," ती म्हणाली.

काळ्या कातळाखाली चिकणमातीचा एक थर होता. पाणी त्या थरावरून घसरत बाहेर यायचं. त्यांनी खजिन्याच्या नादात थर फोडला आणि पाणी खालच्या भेगांत उतरून गेलं. एवढं साधं. विहिरी खणणाऱ्या कुठल्याही माणसाने हे सांगितलं असतं. पण विहीरवाल्याला कोण विचारणार?

मी सकाळी पोचलो तेव्हा होजा कोरड्या पन्हळीपाशी उभा राहून गावाचं अभिनंदन करत होता. रखवालदाराने पाणी पिऊन टाकलं, म्हणजे तो घाबरला. खजिना आता हाताच्या अंतरावर आहे. फक्त होजाला काही दिवस एकांतात जाऊन प्रार्थना करावी लागेल, आणि कुणाकडे आणखी थोडं सोनं असेल तर भुलवायला लागेल. त्याची पिशवी भरून तयार होती. माणसं मान डोलावत होती. दुर्मुशच्या हाताला फोड आले होते, आणि तो सगळ्यात जोरात मान डोलावत होता.

गुल्दाने गर्दीतून माझ्याकडे आली आणि माझ्या हातातलं मशीन मागून घेतलं. कसं धरायचं ते मी दाखवलं. ती होजासमोर जाऊन उभी राहिली.

"होजा, तुम्ही त्या दिवशी म्हणालात, हे मशीन सोन्याशिवाय काही ऐकत नाही."

"म्हणालो ना, बेटी."

"सगळ्यांसमोर म्हणालात."

"सगळ्यांसमोर."

"मग किल्ल्या, फोन, पट्टा, सगळं त्या भिंतीवर ठेवा आणि हात वर करा."

होजाने बायकांनी परपुरुषाजवळ उभं राहण्याबद्दल काहीतरी सुरू केलं. पण लोकांना आता गंमत वाटायला लागली होती. मुख्तार म्हणाला, ठेवा हो होजा, तुम्हाला कसली भीती. त्याने ठेवलं. गुल्दानेने चकती त्याच्या खांद्यापासून खाली आणली. जाकिटाच्या खालच्या काठापाशी मशीन वाजलं. तिने बाजूला नेलं, गप्प. परत आणलं, वाजलं.

"बटण असेल जाकिटाचं," होजा म्हणाला.

"बटणं प्लास्टिकची आहेत. परवा तुटलेलं मीच लावून दिलं."

मुख्तारने अस्तर उसवलं. आतून गुल्दानेच्या लग्नातलं सोन्याचं नाणं निघालं, लाल फितीसकट, जसं सासूने तिच्या अंगावर टाचलं होतं तसं.

मी होजाच्या मशीनचं हिरवं कापड सोडलं. तावीज काढला. खाली ते गोल बटण होतं, जमिनीची ओळख करून देणारं, अगदी शेवटाला फिरवून चिकटपट्टीने बंद केलेलं. मशीन जुनं, स्वस्तातलं, माझ्या दुकानात मी मोडीत घेतो तसलं. मी पट्टी ओढली, बटण फिरवलं, आणि होजाच्या पिशवीतून निघालेल्या त्या काळ्या दगडावर चकती धरली. "सोन्याचा जीव" ज्या दगडात कोंडला होता तो दगड गप्प झाला.

मग मी त्यांना सांगितलं, आणि या वेळी कोणी अडवलं नाही. ही चकती जमिनीत चुंबकाचा एक लाटेसारखा जोर सोडते. धातूला तो लागला की धातू उलट हाक देतो. तुमचे काळे दगड थंड होताना त्यांच्यात लोखंडाचे कण राहून गेले, तेही हाक देतात. शहाणा माणूस मशीनला आधी सांगतो की ही जमिनीची हाक, हिच्याकडे लक्ष देऊ नको. होजाने ते सांगणं बंद करून टाकलं. मग गावातला दगड न् दगड सोन्याचा झाला. फडक्यातलं नाणं काढून खड्ड्यातलाच खडा बांधला की चमत्कार तयार. आणि खजिना न सापडण्याची सोय तर आधीच केलेली, कारण दोष तुमच्या मनातल्या वाटणीचा.

एवढं सगळं सांगून झालं. मुख्तारने बोलावलेल्या शिपायांनी होजाला नेलं. मी वळून पाहिलं. पन्हळ कोरडी होती. खरं सांगितल्याने पाणी परत येत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी बघितलं.

दुर्मुश खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसला होता. मी त्याच्याजवळ बसलो. तो फोडांकडे बघत म्हणाला, "नेजात, तुझं मशीन तर खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग त्याने पाणी शोध."

मी म्हटलं, त्याला पाणी ऐकू येत नाही. मागे उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्यांनीही तेच विचारलं. त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांना कुणाकडून तरी "हो" हवं होतं, आणि माझ्याकडे ते नव्हतं. होजाकडे मात्र हव्या त्या प्रश्नाला "हो" होतं, म्हणून तर त्याचा धंदा चालला.

भूजल खात्याच्या माणसांनी येऊन बघितलं. पाणी खोल गेलंय, म्हणाले, बोअर पाडावी लागेल, मंजुरी लागेल, वेळ लागेल. तोवर टँकर येतो. खालच्या आळीतल्या बायका कॅन घेऊन उभ्या राहतात, गुल्दाने त्यांच्यात. टोमॅटो गेले. दुर्मुश आता टँकरपर्यंत चालतो आणि दोन्ही हातांत पाणी घेऊन येतो. डॉक्टर खूश असतील.

आणि अजून टँकरची सवय होते न होते तोच, डोंगरापलीकडून हुसमेन नावाचा माणूस आला. त्याच्याकडे दुबेळक्याची, टोकाला दोन फाटे फुटलेली काठी होती. ती पाण्यावर आली की खाली झुकते म्हणे. गेलेलं पाणी कुठे लपलंय ते दाखवतो म्हणाला. पुन्हा गर्दी जमली, पुन्हा लोक कुंपणावर चढले. मला दुर्मुशचाच फोन आला, आणि मी हातातलं काम टाकून निघालो.

पोचलो तेव्हा हुसमेन गुल्दानेच्या अंगणात उभा होता. अंगणात बादल्या मांडल्या होत्या, सगळ्यांवर लाकडी झाकणं आणि वर चादरी. काही रिकाम्या, एकीत पाणी. ते पाणी तिने सकाळी रांगेत उभं राहून आणलं होतं, त्या दिवशीचा सगळा स्वयंपाक त्यावर होणार होता. कुठल्या बादलीत ते आहे हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि ती स्वतः अंगणाबाहेर जाऊन, पाठ फिरवून उभी होती, म्हणजे तिच्या चेहऱ्यावरूनही कळू नये.

"जमिनीखालचं दिसतं ना तुम्हाला?" ती पाठमोरीच म्हणाली. "मग चादरीखालचं दाखवा. तेवढं जमलं तर घरातली कुदळ मी स्वतः आणून देते."

हुसमेन बादल्यांमधून चालला. काठी एका बादलीवर झुकली. दुर्मुशने झाकण काढलं, रिकामी. दुसऱ्या बादलीवर झुकली, तीही रिकामी. मग तो म्हणाला की आज वारा उलटा आहे, काठीला मंजूर नाही, आणि अविश्वासू लोकांसमोर ती काम करत नाही. गुल्दानेने पाणी उचलून आत नेलं.

तरीही काही माणसं त्याच्या मागोमाग वरच्या आळीकडे गेली. मी हाका मारल्या. ऐकू जात होत्या, कोणी वळलं नाही. दुर्मुश मात्र अंगणातच राहिला, रिकाम्या बादल्या एकात एक घालत.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. चमत्कार दाखवणाऱ्याशी वाद घालू नका, मी घालून पाहिला आहे, तो तुमच्याहून चांगला बोलतो. त्याला शिव्याही देऊ नका. वस्तू झाकून ठेवा, ती कुठे आहे ते कुणाला सांगू नका, आणि त्याला शोधायला लावा. मशीन असो, काठी असो, तावीज असो, सगळ्यांना हीच परीक्षा, माझ्या दुकानातल्या मशीनलासुद्धा. खर्च बादलीभर पाण्याचा. फक्त ही परीक्षा खणायच्या आधी घ्या. ओलुकलूने ती नंतर घेतली.